आधी वजन की आधी झोप? पोलिसाच्या घरातून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पती जळगाव जिल्ह्यात हवालदार, वय ४४, उंची १७३ सेंटीमीटर, वजन ९६ किलो. सहा वर्षांपूर्वी ते ८२ होतं. रात्री जोरजोरात घोरतात, मध्येच श्वास अडकतो आणि दचकून पुन्हा सुरू होतो. दिवसा ठाण्यात, एसटीत, जिथे टेकतील तिथे डोळा लागतो. साहेब म्हणतात वजन उतरवा, ते म्हणतात झोपच पुरत नाही तर व्यायाम कधी करू. यात बरोबर कोण?

दोघंही बरोबर आहेत, पण क्रम चुकतो आहे. तुम्ही जी लक्षणं लिहिलीत त्यांत सगळ्यात आधी झोपेची तपासणी करून घ्यायची, याच महिन्यात. "आधी दहा किलो उतरवतो, मग बघू" असं ठरवलं तर तपासणी दोन वर्षं लांबते आणि वजनही उतरत नाही, कारण अशी बिघडलेली झोप वजन उतरू देत नाही.

वजनामुळे झोप कशी बिघडते ते आधी बघू. वाढलेली चरबी फक्त पोटावर साठत नाही. जिभेच्या मुळाशी, टाळूच्या मागे, घशाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींतही ती साठते. विहिरीवरच्या मोटरीला ओढीच्या बाजूनं मऊ पाईप लावला तर तो चपटा होतो, म्हणून तिथे कडक पाईप लावतात. घसा हा मऊ पाईप आहे. जागेपणी स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात, झोपेत ते सैल पडतात आणि श्वास ओढताना भिंती एकमेकींना चिकटतात. उताणं झोपलं की जीभही मागे पडते. शिवाय पोटातली चरबी श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, वर ढकलते, फुप्फुसं पुरती फुगत नाहीत आणि त्यांच्या फुगण्यानं घशाला खालून मिळणारा ताणही कमी होतो.

श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा झोप. माणसाला यातलं काहीच आठवत नाही. तो सांगतो की मी आठ तास झोपलो, पण त्या आठ तासांत मेंदू दोनशे-तीनशे वेळा उठलेला असू शकतो. ताशी किती वेळा श्वास थांबला किंवा फार उथळ झाला, त्या आकड्याला रिपोर्टवर एएचआय लिहितात. ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

वजनाशी या आकड्याचा संबंध चांगला मोजलेला आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २००० साली निष्कर्ष आले: वजन १० टक्के वाढलं तर एएचआय सरासरी ३२ टक्के वाढतो, १० टक्के उतरलं तर सुमारे २६ टक्के कमी होतो. तुमच्या पतींचं वजन ८२ वरून ९६ म्हणजे १७ टक्के वाढलंय. घोरणं याच वर्षांत वाढलं असेल तर त्यात नवल नाही.

आता उलटी बाजू. दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलेल्या तरुण, निरोगी पुरुषांवर २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के उतरलं, भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्के चढलं, आणि त्यांना ओढ लागली ती गोड, खारट, पिठूळ खाण्याची. बंदोबस्तावरून आलेला माणूस काकडी मागत नाही, शेवभाजी मागतो, याचं कारण इथे आहे. त्यात रात्रीच्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही. दुपारी एक वाजता खाल्लेला वडापाव आणि रात्री दोनला खाल्लेला वडापाव रक्तातली साखर सारखी चढवत नाहीत. झोप तुटणाऱ्याच्या अंगात दिवसा हालचालीचा जीवच उरत नाही. म्हणून ज्याला आळशी म्हटलं जातं तो अनेकदा आजारी असतो, हे वरिष्ठांनीही समजून घ्यायला हवं.

पोलिसांत हे किती असतं? अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे पाच हजार पोलिसांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रश्नावलीच्या चाळणीत ४० टक्क्यांना झोपेचा कुठला ना कुठला विकार असण्याची लक्षणं निघाली, त्यांत मोठा वाटा श्वास थांबण्याच्या आजाराचा, सुमारे ३४ टक्के. महिन्यातून एकदा तरी गाडी चालवताना डोळा लागतो असं २६ टक्क्यांनी सांगितलं. आकडे तिकडचे आहेत, पण रात्रगस्त, नाकाबंदी, गणपती आणि निवडणुकीचा बंदोबस्त, आणि रात्रपाळी संपवून सकाळी अकराला कोर्टात साक्षीला उभं राहणं हे आपल्याकडचं वेळापत्रक तिकडच्यापेक्षा सौम्य नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट वेगळी आहे. भारतीय शरीराला कमी वजनातही त्रास होतो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा, असं आपल्यासाठी धरतात. तुमच्या पतींचा बीएमआय ३२ येतो. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर नको. शिंप्याच्या टेपनं घरीच मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून. पट्ट्याच्या भोकावर विश्वास ठेवू नका. पोट सुटलं की पट्टा पोटाखाली सरकतो आणि भोक वर्षानुवर्षं तेच राहतं.

त्यापेक्षा खरं बोलते ती गणवेशाची कॉलर. गळ्याचा घेर ४० सेंटीमीटर, म्हणजे जवळपास पावणेसोळा इंच, ओलांडला की ॲप्नियाची शक्यता वाढते. टेप गळ्याच्या घाटीच्या किंचित खाली, आडवा, न आवळता धरायचा. शिंप्याकडे जुनं माप असेल तर ते बघा. कॉलर पंधराची साडेसोळा झाली असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

घरी अजून दोन गोष्टी करता येतात. पहिली, मोबाईलवर व्हिडिओ. पहाटे तीन ते पाच या वेळात घ्या, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि तेव्हा घसा सर्वाधिक सैल असतो. चेहरा आणि छाती दोन्ही दिसू द्या. घोरणं एकदम थांबतं, छाती-पोट हलत राहतं पण आवाज नाही, आणि मग मोठा आचका देऊन श्वास येतो, असं दिसलं तर थांबलेला वेळ सेकंदांत मोजून लिहा. दोन-तीन मिनिटांचे दोन व्हिडिओ पुरतात.

दुसरी, पेंगेची मोजणी. एपवर्थ नावाची आठ प्रसंगांची प्रश्नावली आहे: वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी आडवं झाल्यावर, प्रवासात वगैरे डोळा लागण्याची शक्यता ० ते ३ मध्ये सांगायची. बेरीज १० च्या वर गेली की पेंग जास्त. पोलिसांच्या बाबतीत अडचण अशी की सगळं ठाणंच पेंगत असतं, त्यामुळे हे आपल्यात असतंच असं समजून माणूस शून्य लिहितो. म्हणून उत्तरं तुम्ही शेजारी बसून भरा. "रातले भलता घोरस", म्हणजे रात्री फार घोरतो, हे घरचं माणूसच सांगू शकतं, झोपलेल्याला ते कळत नाही.

याखेरीज रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, आणि दोन-तीन गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब हीही याच आजाराची लक्षणं असू शकतात. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयावर ताण येतो आणि त्यातून लघवी वाढवणारा स्राव निघतो. बरेच लोक याला शुगर किंवा प्रोस्टेट समजून तिकडेच तपासत बसतात.

तपासणी दोन प्रकारची. घरी नेण्याचं छोटं यंत्र असतं: नाकाखाली नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनची चिमटी. प्रयोगशाळेत रात्रभर झोपवून करतात त्या पॉलिसोम्नोग्राफीत मेंदूच्या लहरीही नोंदतात. तुमच्या पतींसारखी ठळक लक्षणं असतील तर घरचं यंत्र बहुधा पुरतं. पण ते केव्हा लावायचं यात चूक होते. चोवीस तासांच्या बंदोबस्तानंतरच्या झोपेत लावलं तर थकव्यामुळे आकडा फुगू शकतो, दारू घेतलेल्या रात्री तर नक्कीच. दोन नेहमीच्या रात्री झोपल्यावर तिसऱ्या रात्री लावा आणि किमान चार तासांची स्वच्छ नोंद मिळाली का ते बघा. चिमटी निसटली तर रिपोर्ट वाया जातो, म्हणून बोटाला वरून चिकटपट्टी लावून घ्या. रिपोर्ट चांगला आला पण लक्षणं तीच असतील तर तिथे थांबू नका, प्रयोगशाळेतली तपासणी करा, कारण घरचं यंत्र जागेपणाचा वेळही झोपेत धरतं आणि आकडा कमी दाखवतं. रक्तात टीएसएच (थायरॉईडसाठी), एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), चरबी आणि बायकार्बोनेट बघून घ्या. थायरॉईड मंद असेल तर वजन आणि घोरणं दोन्ही वाढतात. बीएमआय ३० च्या वर आणि बायकार्बोनेट २७ किंवा जास्त असेल तर कार्बन डायऑक्साइड साठतोय का तेही तपासावं लागतं, तो प्रकार जास्त गंभीर.

छातीविकार किंवा कान-नाक-घसा यांपैकी कुणाकडेही सुरुवात चालेल. फक्त औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी आणू नका. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या आणि दारू घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि मेंदूचं जागं होणं लांबवतात. घोरणाऱ्याला त्या धोक्याच्या आहेत.

एएचआय मध्यम किंवा तीव्र निघाला, किंवा सौम्य असूनही पेंग आणि रक्तदाब असेल, तर सीपॅप मशीन हा पहिला उपाय. ते हवेच्या दाबानं घसा उघडा धरतं. मशीन घेऊन कपाटात ठेवलेले बरेच असतात आणि कारणं तीच तीच असतात. मिशा: नाकावरच्या मास्कखालून हवा गळते आणि डोळ्यांत जाते. मिशा काढायची गरज नाही, नाकपुडीत बसणारा छोटा मास्क मागा. तोंड कोरडं पडणं: तोंड उघडं राहतंय किंवा आर्द्रता कमी आहे. आर्द्रतेच्या भांड्यात डिस्टिल्ड पाणीच घाला, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं थर धरतो. धूळ: मार्च ते जून फिल्टर दर आठवड्याला बघा. वीज जाणं: आर्द्रतेचा हीटर बंद ठेवला तर मशीन फार वीज ओढत नाही, घरचा साधा इन्व्हर्टर सहसा पुरतो. घुसमट: पहिले आठ-दहा दिवस संध्याकाळी जागेपणी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचं, मग झोपेत.

पोलिसांसाठी सर्वांत महत्त्वाचा नियम हा की रात्रपाळीनंतर दिवसा झोपतानाही मशीन लावायचं. घसा घड्याळ बघत नाही. चोपड्याला किंवा नंदुरबारला बंदोबस्तावर बराकीत मुक्काम असला तरी ते पिशवीत न्यायचं. दहापैकी निदान सात रात्री किमान चार-चार तास हा खालचा निकष, जेवढी झोप तेवढा वेळ मशीन हे खरं लक्ष्य. महिन्याभरानं मशीनमधली नोंद काढून गळती आणि उरलेला एएचआय तपासून घ्या, तो ५ च्या खाली यायला हवा.

एक गैरसमज इथेच काढतो. सीपॅपनं वजन आपोआप उतरत नाही. उलट बऱ्याच चाचण्यांत ते थोडं वाढलेलं दिसलं, कारण रात्रभर श्वासासाठी चाललेली झटापट थांबते आणि तेवढी ऊर्जा वाचते. म्हणून मशीन आणि आहार एकाच आठवड्यात सुरू करायचे. पेंग गेली की चालायला अंगात जोर येतो, तोच काळ वापरायचा.

लक्ष्य ९६ चे ८६. रोज साधारण ५०० कॅलरी कमी केल्या तर आठवड्याला अर्धा किलो जवळपास जातं, म्हणजे पाच-सहा महिने. कुठून कमी करायच्या? पहिला चहा. ठाण्यात दिवसाला दहा छोटे कप सहज होतात. कपात आठ ग्रॅम साखर धरली तरी ८० ग्रॅम, ३२० कॅलरी. चार कप ठेवा, साखर निम्मी करा. दुसरं तेल. एक मोठा चमचा, १५ मिली, म्हणजे सव्वाशे कॅलरी. शेवभाजी, पाटोडीचा रस्सा, वरण-बट्टीवरचं तूप हे आठवड्यातून एकदा, आणि तर्री बाजूला काढून. कळण्याची भाकरी सोडू नका. ज्वारीसोबत उडीद असल्यानं ती पोट धरून ठेवते. भरीत, मेथी, मठ-मुगाची उसळ, ताक हे सगळं चालतं, भरताला फोडणी मात्र मोजून.

रात्रपाळीत मुख्य जेवण ड्युटीला निघण्याआधी, साडेसात-आठला. मध्यरात्र ते पाच या वेळात जड काही नाही, लागलंच तर मूठभर फुटाणे आणि ताक. चहा रात्री दोनपर्यंत, त्यानंतर नाही, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनीही रक्तात असतो आणि सकाळची झोप खातो. सकाळी घरी आल्यावर पोटभर जेवून आडवं होऊ नये, आम्लपित्त वर येतं आणि श्वासही बिघडतो. एक भाकरी आणि भाजी, मग झोप. बंदोबस्तात पुरीभाजीचं पाकीट येणारच. डब्यात दोन उकडलेली अंडी किंवा भिजवलेले हरभरे असले तर पाकीट अर्ध्यावर थांबवता येतं.

व्यायामात आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम. वजन न उतरताही नियमित व्यायामानं एएचआय काहीसा कमी होतो. रात्रभर जागून सकाळी परेड मैदानावर जोरात धावणं मात्र नको. या वयात, या वजनात, आधी रक्तदाब आणि ईसीजी. एका कुशीवर झोपण्याची सवय लावा, बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवला की उताणं होता येत नाही. नाकाचं हाड वाकडं असेल तर शस्त्रक्रियेनं नाक मोकळं होतं, पण ॲप्निया बहुधा राहतो, ही अपेक्षा आधीच स्पष्ट असू द्या. वजन उतरवणाऱ्या टिरझेपेटाइड इंजेक्शननं ॲप्निया बराच कमी झाल्याचं २०२४ मध्ये मोठ्या चाचण्यांत दिसलं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

खानदेशात दिवसाची झोप हा वेगळाच लढा आहे. भुसावळ-जळगावचा मे महिना, पारा ४५ कडे, पत्र्याखालचं क्वार्टर, आणि रात्रपाळीवरून आलेला माणूस. गरम खोलीत गाढ झोप लागत नाही. पूर्वेची खोली टाळा, खिडकीला जाड गडद कापड, कूलर खिडकीत आणि समोरचं दार फटीएवढं उघडं, म्हणजे दमट हवा बाहेर जाते. घरी येताना गडद चष्मा, कारण सकाळचं ऊन मेंदूला उठवतं. पोचल्यापासून तासाभरात अंथरुणात. फोन बंद, फक्त ठाण्याचा नंबर चालू. सलग सात तास जमत नसतील तर पाच अधिक ड्युटीपूर्वी दीड तास अशी विभागणी चालते. शक्य तिथे रोज त्याच ठरलेल्या वेळेतले तीन-चार तास झोपेत जातील असं बघा, पाळी कोणतीही असो.

आता गाडीबद्दल, कारण जीव इथे जातो. १७ तास सलग जागा असलेल्याच्या प्रतिक्रिया १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारख्या मंदावतात, २४ तासांनंतर जवळपास १०० सारख्या. ज्या ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेवरून पोलीस दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली कारवाई करतात, त्याहून हे जास्त आहे, आणि श्वासाच्या यंत्रात दिसत नाही. त्यात ॲप्निया असेल तर धोका आणखी वाढतो. उपचार सुरू होऊन पेंग जाईपर्यंत पहाटे दोन ते पाच या वेळात धुळे-शिरपूर महामार्गावर किंवा कन्नड घाटात त्यांनी चाकावर बसू नये. हे स्पष्ट सांगून ड्युटी बदलून घ्या, डॉक्टरांकडून लेखी घ्या. गस्तीत दुसरा माणूस जागा असताना वीस मिनिटांची डुलकी उपयोगी पडते, पण उठल्यावर पंधरा मिनिटं गाडी आणि शस्त्र दोन्ही हातात नको.

ठाण्याच्या प्रभारींच्या हातातही बरंच आहे. २०१६ मध्ये मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, आणि २०२२ मध्ये राज्यातल्या महिला पोलिसांसाठी आठ तासांचे आदेश निघाले. मनुष्यबळामुळे सगळीकडे तेवढं जमत नाही, हे खरं. पण हजेरी लिहिताना ज्याची उद्या कोर्टाची तारीख आहे त्याला आज रात्रपाळी न देणं, पाळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा पुढे सरकवणं, दोन ड्युट्यांत अकरा तासांचं अंतर ठेवणं, याला मनुष्यबळ लागत नाही, वही लागते. नुसतं वजन करून लोकांना धारेवर धरणं मला पटत नाही. आसामनं २०२३ मध्ये बीएमआय ३० च्या वर असणाऱ्यांना मुदत देऊन स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग दाखवला. अशानं माणसं लक्षणं लपवतात, आणि जबडा लहान असलेला, बीएमआय २५ चा घोरणारा शिपाई तर त्या चाळणीतून सुटूनच जातो. महिला पोलिसांतही हा आजार असतो, विशेषतः मासिक पाळी गेल्यानंतर. त्या कमी घोरतात, थकवा, डोकेदुखी आणि झोप न लागणं एवढंच सांगतात, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं.

वजन १० टक्के उतरलं की पुन्हा तपासणी करा. मशीनचा दाब कमी करता येतो, काहींचं मशीन सुटतंही. पण घोरण्याचा आवाज बंद झाला म्हणून मशीन स्वतःहून बंद करायचं नाही. डॉक्टर सांगतील तेवढ्या रात्री मशीनशिवाय झोपून पुन्हा यंत्र लावायचं आणि एएचआय ५ च्या खाली आला तरच सोडायचं. त्यानंतरही वजन पाच किलोनं परत चढलं, किंवा रक्तदाबाची गोळी वाढवावी लागली, तर पुन्हा एक रात्र मोजून घ्या.